सोनोग्राफीत किडनीचं माप: दोन रिपोर्टांत एक सेंमीचा फरक, खरं कुठलं धरायचं?

पहिलं_वर्ष_रेडिओ

नमस्कार मंडळी. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात आहे. किडनीची लांबी आणि व्हॉल्यूम (घनफळ) कसं मोजायचं हे जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे.

उदाहरण असं धरा. बाई, वय ५६, उंची १५० सेंमी, बारा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.६. पाच आठवड्यांच्या अंतराने दोन ठिकाणी सोनोग्राफी झाली. पहिल्या रिपोर्टात उजवी १०.२ × ४.८, डावी १०.४ × ४.९. दुसऱ्यात उजवी ९.१ × ५.२, डावी १०.३ × ५.० आणि खाली शेरा, "उजवी किडनी आकाराने लहान". आता उजव्या रीनल आर्टरीचा (किडनीच्या धमनीचा) डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करायचा का, असा प्रश्न फिजिशियनपुढे आहे.

माझे प्रश्न:

एक, मोजणाऱ्याचा हात बदलला की किती फरक पडणं स्वाभाविक आहे आणि किती फरक "खरा" धरायचा?

दोन, मशीन लांबी × रुंदी × जाडी × ०.५२३ करून व्हॉल्यूम देतं. त्यावर किती भिस्त ठेवायची? आणि रिपोर्टात दोनच आकडे असले तर व्हॉल्यूम काढता येतं का?

तीन, पुस्तकात प्रौढ किडनी १० ते १२ सेंमी असं असतं. दीड मीटर उंचीच्या बाईला तोच आकडा लावायचा?

---

प्रोब_आणि_जेल

दुसऱ्या रिपोर्टातले उजवीचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. लांबी १.१ ने घटली आणि दुसरं माप ०.४ ने वाढलं. आकसणारी किडनी रुंद होत नाही. त्यामुळे माझा पहिला संशय किडनीवर नाही, कापावर, म्हणजे पडद्यावर घेतलेल्या छेदावर आहे. काप तिरका बसलाय.

तिरकेपणाने नेमकं किती बिघडतं याचा हिशोब एकदा स्वतः कागदावर करा, म्हणजे तो कायमचा हातात बसतो. किडनी १०.२ लांब आणि ४.८ रुंद असा लंबगोल समजा. काप मधोमधच गेलाय, फक्त लांब अक्षापासून १० अंश फिरलाय. मिळणारी लांबी ९.७. १५ अंश फिरला तर ९.२. म्हणजे मनगट जरासं वळलं की एक सेंमी गेला, आणि पडद्यावरचं चित्र तरीही छान लंबगोल दिसतं. डोळ्याला चूक कळतच नाही.

आडव्या कापात हेच उलट होतं. अक्षाला काटकोनात काप घेतला तर रुंदी ४.८. तिथून १५ अंश ढळला तर ४.९ आणि ३० अंश ढळला तर जवळजवळ ५.४.

यातून कामाची गोष्ट अशी. तिरकेपणामुळे लांबीतली चूक एकाच दिशेला जाते, कमीकडे. रुंदीतली चूक जास्तीकडे जाते. म्हणून लांबीची तीन मापं घेऊन सरासरी काढणं मला पटत नाही. दोन तिरकी आणि एक सरळ यांची सरासरीही तिरकीच निघते. लांबी तीनपैकी मोठ्यात मोठी घ्यावी, आणि हायलमच्या (रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात त्या खोबणीच्या) पातळीवरची रुंदी लहानात लहान. अट एवढीच की लांबीच्या फ्रेममध्ये दोन्ही पोलची (टोकांची) कड खरोखर दिसली पाहिजे. कड दिसत नसताना अंदाजाने लावलेला कॅलिपर (मापाची खूण) "सर्वात मोठा" म्हणून निवडला तर तो नियम उलटा अंगावर येतो.

आता हाताचं काम.

किडनी शरीराच्या उभ्या रेषेत नसते, सोअस स्नायूच्या उतारावर टेकलेली असते. वरचा पोल आत आणि पाठीकडे, खालचा पोल बाहेर आणि पोटाकडे. प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) शरीराच्या रेषेत धरला की लांबीचा काप आपोआप तिरका होतो, आणि तिथूनच सरळ ९० अंश फिरवून आडवा काप घेतला तर तोही किडनीच्या अक्षाला काटकोनात राहत नाही. लांबी कमी, रुंदी जास्त, दोन्ही चुका एकाच वेळी. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टात दिसतंय ते हेच असावं.

पोटाचा वक्र प्रोब, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ. उजवीसाठी आधी पाठीवर झोपवून लिव्हरच्या खिडकीतून बघा, मग डाव्या कुशीवर वळवा. डावीसाठी उजवी कूस, डावा हात डोक्यावर, कमरेखाली उशी, फासळ्या उघडतात. प्रोब मागच्या काखरेषेपर्यंत मागे न्या. बहुतेक जण पुढूनच बघत राहतात आणि आतड्यातल्या गॅसशी झुंजत बसतात. श्वास पूर्ण भरून रोखायला लावला तर काहींची किडनी इतकी खाली सरकते की उलट गॅसच्या मागे जाते. अशा वेळी "अर्धा श्वास घ्या, धरा" म्हणा.

किडनी सापडली की प्रोब जागेवर ठेवून दोन हालचाली वेगवेगळ्या करा. आधी घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा आणि लांबी वाढते की घटते ते बघा. सर्वात लांब जागी थांबा. मग फिरवणं बंद आणि प्रोबची शेपटी पुढे-मागे कलवा. पुन्हा सर्वात लांब जागी थांबा. दोन्ही एकदम केलं तर आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

फ्रेम बरोबर असल्याची खूण म्हणजे दोन्ही पोल गोल दिसतात, कडेची कॅप्सूल (बाहेरचं पातळ आवरण) तलम रेघेसारखी उमटते, मधला पांढरा सायनस (चरबी आणि नळ्यांचा गाभा) मध्यावर असतो आणि दोन्ही टोकांना कॉर्टेक्सची (किडनीच्या बाहेरच्या थराची) जाडी सारखी असते. एक पोल निमुळता आणि दुसरा भरदार दिसला, किंवा सायनस एका टोकाला सरकलेला वाटला, तर अजून अक्ष सापडलेला नाही.

डेप्थ अशी ठेवा की किडनी पडद्याचा दोन तृतीयांश भाग व्यापेल. फोकस किडनीच्या पातळीवर. गेन (चित्राचा उजळपणा) कमी. लांबी ही ध्वनिलहरीच्या आडव्या दिशेला मोजली जाते, आणि त्या दिशेचं रिझोल्यूशन खोलीच्या दिशेपेक्षा कायम कमी असतं. गेन चढवला की पोलच्या कडेची चरबी फुलून कडेला चिकटते आणि तीन-चार मिमी फुकट मिळतात. कॅलिपर कॅप्सूलच्या बाहेरच्या कडेला, त्यापुढची पांढरी चरबी सोडून.

वरच्या पोलवर फासळीची सावली पडली असेल तर सावलीच्या आत कॅलिपर टाकू नका. प्रोब फासळ्यांच्या मधल्या फटीला समांतर करा, श्वास हलवा, सावली सरकते.

---

नेफ्रो_ओपीडी

वरचं सगळं मान्य. आता आकडा हातात आल्यावर तो कसा वाचायचा, त्याबद्दल.

दोन वेगळ्या हातांत अर्धा ते एक सेंमी फरक रोजचा आहे. मधुमेहात पाच आठवड्यांत किडनी एक सेंमीने आकसत नाही. तेव्हा या जोडीवरून "लहान झाली" म्हणता येणार नाही. एकाच वेळी, एकाच हाताने मोजलेल्या उजव्या-डाव्यातला फरक जास्त विश्वासाचा, कारण त्यात मोजणाऱ्याची सवय दोन्हीकडे सारखी लागू होते. हा फरक दीड सेंमीच्या वर असेल आणि त्याला दुसरं कारण दिसत नसेल, तर रीनल आर्टरीच्या अरुंदीचा विचार करतात. इथे दुसऱ्या रिपोर्टात तो १.२ आहे आणि पहिल्यात फक्त ०.२. आधी लांबी पुन्हा मोजून घ्या. उजवी खरोखर लहान निघाली, किंवा तीन औषधांनीही बीपी हटत नाही, रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारखं औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन भराभर चढलं, अचानक फुप्फुसात पाणी भरलं, असं काही असेल तर डॉपलर. केवळ ९.१ या आकड्यासाठी नाही.

नॉर्मल रेंजबद्दल. १९९३ साली डेन्मार्कमध्ये ६६५ प्रौढ स्वयंसेवकांची मापं प्रसिद्ध झाली. त्यात डावीची मध्यक लांबी ११.२ सेंमी, उजवीची १०.९, व्हॉल्यूम डावीचं १४६ मिली, उजवीचं १३४. पाठ्यपुस्तकातले बरेच आकडे अशाच युरोपीय लोकसंख्येवरून आलेत. आपल्याकडे मोजलेल्या सरासऱ्या साडेनऊ ते दहाच्या आसपास येतात. किडनीचा आकार शरीराच्या आकारमानाबरोबर चालतो. १५० सेंमी उंचीच्या बाईची ९.२ सेंमी किडनी, कॉर्टेक्स चांगला जाड असेल तर, पूर्ण निरोगी असू शकते. तीच ९.२ सेंमी सहा फुटी माणसात दिसली तर मी थांबून बघेन. डावी साधारण तीन ते पाच मिमी मोठी असणं हे नेहमीचं. उजवी डावीपेक्षा एक सेंमीने मोठी दिसली तर डावीत काही झालंय का ते शोधावं. उजवीत दोन कलेक्टिंग सिस्टिम (लघवी गोळा करणाऱ्या नळ्यांचे संच) आहेत का, हेही बघावं. अशी डुप्लेक्स किडनी निरोगी असूनही लांब भरते.

म्हणून रिपोर्टात लांबीच्या बरोबरीने कॉर्टेक्सची जाडी हवीच. काळ्या पिरॅमिडच्या (आतल्या थरातल्या त्रिकोणी भागांच्या) तळापासून कॅप्सूलपर्यंत, कॅप्सूलला काटकोनात, मधल्या भागात दोन-तीन ठिकाणी. ७ ते १० मिमी नेहमीची, ६ च्या खाली पातळ. बरेच जण सायनसपासून कॅप्सूलपर्यंत मोजतात आणि त्याला कॉर्टेक्स म्हणतात. ती पॅरेन्कायमाची जाडी झाली, पिरॅमिड धरून, आणि ती १५ ते २० मिमी असते. एका रिपोर्टात ८ आणि पुढच्यात १६ आलं की रुग्ण घाबरतो, आणि दोन्ही मापं आपापल्या जागी बरोबर असतात. पिरॅमिड वेगळे दिसतच नसतील तर पॅरेन्कायमाची जाडी लिहा आणि तसं नमूद करा.

मधुमेहाबद्दल एक इशारा. सुरुवातीला किडनी उलट मोठी होते, आणि पुढे कार्य बरंच घटलं तरी आकार नॉर्मल राहू शकतो. अमायलॉइड (प्रथिन साचण्याचा आजार), मायलोमा (रक्तपेशींचा कर्करोग), एचआयव्हीची किडनी यांतही तसंच. तेव्हा "आकार नॉर्मल म्हणजे क्रॉनिक आजार नाही" हा निष्कर्ष या बाईंच्या बाबतीत काढू नका. क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) इथे लांबीपेक्षा जास्त बोलतात.

उलट बाजूने, दोन्ही किडन्या साडेआठच्या, कॉर्टेक्स पाच मिमी, लिव्हरपेक्षा पांढऱ्या, अशी फ्रेम असेल तर बायोप्सी बहुधा टाळली जाते; रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि हाती लागतात नुसते व्रण. हा निर्णय नऊच्या आसपासच्या आकड्यावर टेकलेला असतो. तिरक्या कापाने १०.२ ची ९.१ झाली तर एखाद्याचा उपचार होऊ शकणारा आजार बायोप्सीविना राहून जाईल. मापाच्या बाबतीत मी इतका आग्रही आहे तो यासाठी.

---

पहिलं_वर्ष_रेडिओ

दोघांचेही मनापासून आभार. १५ अंशांचा हिशोब करून बघितला, बरोबर ९.२ येतो. व्हॉल्यूमचं राहिलं. आणि दोन आकड्यांच्या रिपोर्टाचं.

---

प्रोब_आणि_जेल

दोन आकड्यांवरून व्हॉल्यूम काढू नका. "१०.२ × ४.८" यातला ४.८ हा आडव्या कापातली रुंदी आहे की उभ्या कापातली जाडी, हे लिहिणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. आपल्याकडे बहुतेक वेळा उभ्या कापाच्या त्याच फ्रेमवर दुसरा कॅलिपर टाकलेला असतो. पुढून बघितलं असेल तर ती जाडी, बाजूने बघितलं असेल तर रुंदी. तिसरं माप अंदाजाने घालून काढलेलं व्हॉल्यूम म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकीची करामत.

तीन मापं नीट घेतली तर सूत्र सोपं आहे. १०.२ × ४.८ × ४.३ म्हणजे २१०.५, त्याला ०.५२३ ने गुणलं की ११० मिली. ०.५२३ म्हणजे π भागिले ६, लंबगोलाच्या घनफळाचा गुणक. मापं सेंमीमध्ये असतील तरच उत्तर मिलीमध्ये येतं.

आता याच्यातली मेख. प्रत्येक माप ५ टक्क्यांनी कमी धरलं गेलं, म्हणजे लांबी ९.७, रुंदी ४.६, जाडी ४.१ च्या आसपास, तर व्हॉल्यूम ९४ वर येतं. प्रत्येक ५ टक्क्यांनी जास्त धरलं तर १२८. दोन-तीन मिमीची चूक कुणाच्याही हातून होते. पण तीन चुका एकमेकींना गुणल्या की ९४ ते १२८ इतकी दरी पडते. म्हणून मागच्या वर्षी १२० होतं आणि आता १०५ आहे, यावरून मी काहीच बोलणार नाही.

दुसरं असं की किडनी लंबगोल नाही, घेवड्याची बी आहे. हायलमला खोबण आहे, आत सायनसची चरबी आहे. सूत्र ते सगळं भरीव धरतं. असं असूनही एमआरआयशी ताडून बघितलं की सोनोग्राफीचं व्हॉल्यूम कमीच निघतं, पाव हिश्शापर्यंत. सूत्राच्या भरीव धरण्याने वाढ होते, पण तिरक्या कापाने आणि कडा न दिसल्याने घट त्याहून जास्त होते.

आडव्या कापाची फ्रेम कशी ओळखायची? हायलमच्या पातळीवर किडनी घोड्याच्या नालेसारखी दिसते, तोंड आत आणि थोडं पुढे. रेनल व्हेन बाहेर पडताना दिसली तर उत्तम. रुंदी बाहेरच्या फुगीर कडेपासून नालेच्या दोन ओठांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. जाडी त्याला काटकोनात, पुढून मागे. तोंड न दिसता पूर्ण बंद वर्तुळ दिसत असेल तर तुम्ही पोलकडे सरकलेले आहात, तिथली मापं घेऊ नका.

काही गोष्टी माप फुगवतात त्याही ध्यानात ठेवा. डावीच्या बाहेरच्या कडेला प्लीहेच्या दाबाने आलेला उंचवटा असतो. रुंदी तिथे घेतली तर अर्धा सेंमी वाढते. पोलच्या बाहेर लोंबणारी सिस्ट (पाण्याची गाठ) लांबीत धरायची नाही. किडनीची लांबी वेगळी, सिस्टचं माप वेगळं. हायड्रोनेफ्रोसिस (लघवी साचून फुगलेली किडनी) असेल तर व्हॉल्यूम देऊच नये, ते पाण्याचं व्हॉल्यूम असतं. लांबी द्या आणि पॅरेन्कायमा किती उरलाय ते द्या.

---

बाळांची_सोनो

लहान मुलांचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते. इथे एकच "नॉर्मल" आकडा नसतो, वयाचं सूत्र असतं.

एक वर्षाच्या आत: लांबी = ४.९८ + ०.१५५ × वय महिन्यांत.
एक वर्षानंतर: लांबी = ६.७९ + ०.२२ × वय वर्षांत.

सहा महिन्यांच्या बाळाला ५.९ सेंमी, पाच वर्षांच्या मुलाला ७.९. दोन्ही बाजूंना एक ते दीड सेंमीची मुभा धरावी लागते, म्हणून एकाच मापावरून "किडनी लहान" असा शिक्का मारू नये. वयाच्या मानाने अंगाने फार बारकं किंवा थोराड मूल असेल तर वयाऐवजी उंचीचा तक्ता वापरा. कमी वजनाच्या, महिने भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना तर वरचं सूत्र लावूच नका.

मुलांत खरी किंमत आहे वाढीला. वारंवार लघवीचा संसर्ग किंवा रिफ्लक्स (लघवी उलटी वर जाणं) असलेल्या मुलाची किडनी वर्षाला साधारण दोन-अडीच मिमीने वाढायला हवी. पण आपली मोजण्याची चूकच तीन-पाच मिमीची! म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा मोजून "वाढली नाही" म्हणणं निरर्थक. निदान वर्षाचं अंतर हवं, आणि दर वेळी शरीराची स्थिती तीच हवी. मी मुलांना पालथं झोपवून पाठीकडून मोजायला सांगेन. पोटाखाली घडी केलेला टॉवेल ठेवला की कंबरेची कमान सपाट होते आणि प्रोब नीट टेकतो. पालथं एकदा आणि उताणं एकदा, अशी दोन मापं एकमेकांशी ताडू नका.

जेल कोमट करून घ्या. थंड जेल लागलं की बाळ पाय जवळ घेतं, कमर वाकते आणि सरळ अक्ष मिळतच नाही.

नवजात बाळाचे पिरॅमिड काळेभोर आणि मोठे असतात, कॉर्टेक्स पांढुरका. नवशिक्याला ते फुगलेले कॅलिक्स (लघवी गोळा करणारे पेले) वाटतात. पिरॅमिड एकमेकांना जोडलेले नसतात, कॅलिक्स मधल्या पेल्व्हिसला (लघवी जमण्याच्या पोकळीला) जोडलेले दिसतात, एवढा फरक बघितला तरी पुरे. कडेला लोब्यूलच्या खाचाही असतात. त्या दोन पिरॅमिडच्या मधल्या जागी पडतात. व्रणाची खाच पिरॅमिडच्या डोक्यावर पडते आणि तिथे कॉर्टेक्स पातळ असतो.

एकच किडनी असलेल्या मुलाची किडनी वयाच्या मानाने मोठी असायला हवी. तिथे "नॉर्मल आकार" हा रिपोर्ट काळजीचा आहे, दुसरीची भरपाई ती करत नाहीये असा त्याचा अर्थ होतो. हे रिपोर्टात लिहायला बरेच जण विसरतात.

---

नेफ्रो_ओपीडी

व्हॉल्यूमवर खरोखर निर्णय टेकतो अशी एक जागा आहे, ती म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी, सिस्टनी भरत मोठी होत जाणारी. तिथलं उदाहरण देतो.

वय ३४, उंची १.६२ मीटर. डावी १७.२ × ८.४ × ८.०, म्हणजे ६०५ मिली. उजवी १६.४ × ८.० × ७.६, म्हणजे ५२२. बेरीज ११२७ मिली. उंचीने भागलं की ६९६ मिली प्रति मीटर. मेयो क्लिनिकच्या वर्गीकरणात वय आणि हा आकडा धरून वार्षिक वाढीचा दर काढतात. जन्मावेळी १५० मिली प्रति मीटर गृहीत धरून चक्रवाढ व्याजासारखा हिशोब करायचा. इथे दर येतो ४.६ टक्के. ४.५ ते ६ म्हणजे १-डी वर्ग, वेगाने बिघडणारा. आता हेच व्हॉल्यूम फक्त ५ टक्क्यांनी कमी मोजलं गेलं असतं तर ६६१ आणि दर ४.४६, वर्ग १-सी. प्रोब जरा तिरका, आणि रुग्णाला मिळणारं भाकीत बदललं.

ते वर्गीकरण सीटी आणि एमआरआयच्या मापांवर बांधलेलं आहे. या आजाराची वाढ मंदावणाऱ्या टॉलव्हॅप्टनसारख्या महागड्या, दीर्घकाळ घ्यायच्या औषधाचा निर्णय असेल तेव्हा एमआरआयच करून घ्यावा. गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन) लागत नाही, त्यामुळे कार्य कमी असलं तरी अडचण नाही. एमआरआय परवडत नसेल तर सोनोग्राफीवरची नुसती लांबी वापरा, व्हॉल्यूम नको. पन्नाशीच्या आत लांबी १६.५ सेंमीच्या वर असेल तर वेगाने बिघडण्याची शक्यता जास्त, हे सोनोग्राफीलाही लागू आहे.

अडचण अशी की सोळा-सतरा सेंमीची किडनी एका फ्रेममध्ये मावत नाही. प्रोब सरकवत चित्र जोडण्याची सोय मशीनमध्ये असेल तर ती वापरा, पण हात एकाच वेगाने आणि सरळ रेषेत चालला पाहिजे, मध्ये थांबला तर चित्र आखूड होतं. ती सोय नसेल तर दुभंगलेल्या पडद्यावर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा घ्या आणि एखादी ठळक सिस्ट दोन्हीकडे खूण म्हणून ठेवून जुळवा. जुळवताना श्वास बदलला तर जोड फसतो. तेही जमलं नाही तर "१५ सेंमीहून जास्त, पूर्ण मावत नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलेलं मला चालतं. बळेच १५.१ लिहिलेलं चालत नाही.

---

पहिलं_वर्ष_रेडिओ

खूप कामाची माहिती. शेवटचं विचारतो. या बाईंची पुन्हा सोनोग्राफी करताना रिपोर्टात नेमकं काय लिहू, म्हणजे पुढच्याला ताडून बघता येईल?

---

प्रोब_आणि_जेल

साधारण असं: "उजवी किडनी: लांबी १०.१ सेंमी, तीन मापांतली सर्वाधिक, डाव्या कुशीवर, दोन्ही पोल स्पष्ट. हायलमच्या पातळीवर रुंदी ४.८, जाडी ४.३. कॉर्टेक्स मधल्या भागात ७ मिमी, लिव्हरइतका पांढरा, पिरॅमिड वेगळे दिसतात." डावीचंही तसंच. मग जुन्या दोन्ही रिपोर्टांच्या तारखा आणि आकडे, आणि फरक मोजण्याच्या मर्यादेत आहे की नाही यावर एक ओळ. उंची रिपोर्टात लिहा. फिजिशियनला ती पुन्हा शोधावी लागते. एखादा पोल गॅसमुळे दिसलाच नाही तर लांबीच्या आधी "किमान" लिहा.

लांबीच्या तिन्ही फ्रेम सेव्ह करा, निवडलेली एकच नको. आणि कॅलिपर लावलेल्या फ्रेमसोबत कॅलिपर न लावलेली तीच फ्रेमही ठेवा. खूण पोलच्या कडेवर बसली की खालची कड झाकली जाते, आणि पुढच्या वेळी मोजणाऱ्याला ती खूण बरोबर जागी होती का हे तपासताच येत नाही.